हॅगर्डची जन्मठेप: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मर्ल हॅगर्ड या अमेरिकी कंट्री गायकावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याला 'धन्यवाद, दुरुस्ती करतो' एवढंच म्हणून सुटणं बरं दिसलं नसतं. म्हणून हे वेगळं लिहितोय. तुमचे आक्षेप तीन. हॅगर्डला जन्मठेप झाली होती हे मी लिहिलं ते साफ खोटं आहे. न भोगलेल्या शिक्षेचं गाणं गाऊन नाव कमावणाऱ्याला मी 'सच्चा' म्हणतो, हा विनोद आहे. आणि 'ओकी फ्रॉम मस्कोगी'सारखं प्रतिगामी गाणं मी एका वाक्यात गुंडाळलं, कारण ते माझ्या अडचणीचं होतं.

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. 1968च्या 'मामा ट्राइड'मध्ये (इथला 'मामा' म्हणजे आई, आपला मामा नव्हे) गाणारा म्हणतो की, एकविसावा वाढदिवस तुरुंगात झाला, पॅरोलही नसलेली जन्मठेप भोगताना. मी ती ओळ चरित्र म्हणून उचलली. खरं यातलं अर्धंच. 1958 मध्ये एकवीस पूर्ण झाली तेव्हा हॅगर्ड कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात होता, पण जन्मठेपेवर नव्हे, घरफोडीच्या प्रयत्नाबद्दल. तीही कसली, तर दारूच्या नशेत एका हॉटेलचं मागचं दार फोडायला गेले आणि हॉटेल अजून चालूच होतं! 1960 मध्ये तो पॅरोलवर सुटला आणि 1972 मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याला पूर्ण माफी दिली. लेखात हे सगळं दुरुस्त केलंय.

पण तुमच्या दुसऱ्या आक्षेपापाशी मी अडतो. तुरुंगाच्या भांडवलावर तो मोठा झाला असं तुम्ही म्हणता. घडलं जवळजवळ उलटं. सुरुवातीची बरीच वर्षं हॅगर्ड तो भूतकाळ लपवत होता, कळलं तर लोक पाठ फिरवतील या धास्तीनं. त्याचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं 'आय अ‍ॅम अ लोनसम फ्युजिटिव्ह', एका फरारी माणसाचं. ते त्यानं लिहिलेलंच नाही. लिझ आणि केसी अँडरसन या नवरा-बायकोचं ते गाणं, आणि समोरचा गायक तुरुंगात राहून आलाय याचा लिझला पत्ताही नव्हता. म्हणजे त्याच्या आयुष्याला चिकटून बसलेलं गाणं दुसऱ्यानं लिहिलं, आणि ज्यात तपशील बदलला ते त्यानं स्वतः लिहिलं. पुढे जॉनी कॅश या नामवंत कंट्री गायकानं टीव्हीवरच्या आपल्या कार्यक्रमात ही गोष्ट उघड करायला त्याचं मन वळवलं. कॅशनं सॅन क्वेंटिनमध्ये एका नववर्षदिनी कार्यक्रम केला होता, तेव्हा हॅगर्ड समोर कैद्यांत बसलेला होता.

आता 'हंग्री आइज' घ्या, 1969चं. कापडी छपराची झोपडी, मजुरांची गजबजलेली छावणी, आईच्या डोळ्यांतली भूक. ऐकताना वाटतं की हे पोरानं स्वतः पाहिलेलं आहे. पण हॅगर्डचं कुटुंब अशा छावणीत राहिलेलं नव्हतं. ओक्लाहोमातल्या चेकोटाजवळचा त्यांचा गोठा जळाला, तेव्हा आईवडील कॅलिफोर्नियाला आले. वडिलांना सांता फे रेल्वेत काम मिळालं आणि बेकर्सफील्डच्या शेजारी ऑइलडेलमध्ये त्यांनी मालगाडीच्या एका जुन्या डब्याचं घर केलं. 1937 साली जन्मलेला मर्ल त्याच घरात वाढला. तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले. आई हिशेबनिशी करायची, पोरगं मालगाड्यांना लटकून पळून जायचं, सुधारगृहातून पळायचं. गरिबी होतीच, पण छावणी दुसऱ्यांची होती. धुळीच्या वादळांनी आणि मंदीनं देशोधडीला लावलेल्या हजारो लोकांची.

मग हे खोटं का? आपल्याकडे एकनाथ महाराज भारुडात कधी जोशी होतात, कधी वासुदेव, कधी 'जोहार मायबाप' म्हणणारा महार. पैठणच्या ब्राह्मणानं असा जोहार घालणं ही फसवणूक आहे, असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. गाण्यातला 'मी' हा आधार कार्डावरचा 'मी' नसतो. माझी चूक ही की मी तो तसा धरला. माफ करा, पण तुमचीही तीच आहे. मी टाळ्या वाजवल्या, तुम्ही दंड ठोठावला, एवढाच फरक. 'सच्चा' हा शब्द मात्र मी मागे घेतो. फार ढिला शब्द आहे तो.

राहिलं 'ओकी'. गुंडाळलं, हे खरं. 1969चं हे गाणं म्हणतं, आम्ही मस्कोगीत (ओक्लाहोमातलं एक गाव) गांजा ओढत नाही, लष्करभरतीची कार्डं जाळत नाही, केस वाढवून हिंडत नाही. ड्रमर रॉय बरिससोबत लिहिलेलं. व्हिएतनामचे दिवस, त्यामुळे अर्धा देश त्यावर नाचला आणि अर्धा संतापला. 1970 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचे मोठे पुरस्कार हॅगर्डला मिळाले, 1973 मध्ये तो राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या व्हाइट हाउसमध्ये गायला. ही थट्टा होती की मनापासून, याची उत्तरं त्यानं आयुष्यभर बदलती दिली. मला वाटतं, दोन्ही होतं. 'ओकी' ही कॅलिफोर्नियातली शिवी होती, ओक्लाहोमाहून पोट भरायला आलेल्यांना हिणवण्यासाठीची. त्याच्या बापानं ती ऐकलेली. ती शिवी छातीवर मिरवण्यात जो दिमाख आहे तो तुमच्या 'प्रतिगामी' या एका शब्दात मावत नाही. त्यानंतरचं 'द फायटिन साइड ऑफ मी' मात्र मीही वाचवायला जाणार नाही. पटत नसेल तर देश सोडा, एवढाच त्याचा सूर.

पण त्याच सुमाराला त्यानं आणखी एक गाणं लिहिलं होतं, 'इर्मा जॅक्सन'. गोरा मुलगा, काळी मुलगी, लहानपणापासूनचं प्रेम आणि न स्वीकारणारं जग. आंतरवंशीय लग्नांवरची राज्यांची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1967 मध्ये उठवली, त्याला जेमतेम दोन-तीन वर्षं झालेली. 'ओकी'च्या पाठोपाठ हे गाणं काढावं असं हॅगर्डच्या मनात होतं. कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीचे निर्माते केन नेल्सन यांनी त्याला परावृत्त केलं आणि ते 1972च्या अल्बमात आलं. हॅगर्ड तेव्हा अडून बसला नाही, हा दोष त्याच्या खात्यावर राहतोच. इराक युद्धाच्या काळात, त्या युद्धाला विरोध केला म्हणून डिक्सी चिक्स या कंट्री गायिकांच्या बँडवर लोक तुटून पडले, तेव्हा त्यांची बाजू घेणाऱ्यांत हा 'ओकी'वाला होता, हेही त्याच खात्यावर लिहा.

माझ्या लेखाची खरी उणीव तुमच्या नजरेतून सुटली. मी गाण्यांच्या शब्दांवर पानंच्या पानं लिहिली आणि आवाजावर जवळपास काहीच नाही. कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या गुळगुळीत व्हायोलिनमेळ्याविरुद्ध बेकर्सफील्डच्या बारमधला तो टेलिकास्टर गिटारचा धारदार, करकरीत नाद, त्यावर रॉय निकल्सची गिटार आणि खालच्या पट्टीत सहज उतरणारा हॅगर्डचा आवाज. बॉब विल्स या जुन्या फिडलवादकाला मानवंदना म्हणून केलेल्या 1970च्या अल्बमसाठी तो, नावारूपाला आल्यानंतर, फिडल शिकला! हे पुढच्या लेखात.

तोवर 'इर्मा जॅक्सन' ऐका. मग भांडायला या, चहा टाकतो.