जास्तीचा एक तास

डोंगर चढायला सातला पायथ्याशी भेटायचं ठरलं होतं. आम्ही पावणेसातलाच पोचलो आणि तिथे चिटपाखरू नव्हतं.

"बघ, आपण पहिले," मी बायकोला म्हणालो. लग्नाच्या बारा वर्षांत आम्ही कुठेही पहिले पोचलेलो नाही. शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

ग्वाडालूप पीक हे टेक्सासमधलं सगळ्यात उंच शिखर, ८,७५१ फूट. राज्याच्या पार पश्चिमेला, वाळवंटाच्या मधोमध. टेक्सासचा बहुतेक भाग एका घड्याळावर चालतो आणि हे शिखर ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे, ते त्याच्या एक तास मागे. आदल्या रात्री आम्ही व्हॅन हॉर्न नावाच्या गावात मुक्काम केला, तिथे पुढचं घड्याळ. तिथून साठेक मैलांवर डोंगराच्या पायथ्याशी मागचं. माझा फोन पावणेसात म्हणत होता, बायकोचा पावणेसहा.

"माझा बरोबर आहे," ती म्हणाली. फोनबद्दलच म्हणाली, पण हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

तर ऐन जानेवारीत, मिट्ट काळोखात, आम्हाला एक तास जास्तीचा मिळाला. हीटर लावायची सोय नव्हती, कारण उद्यानात पेट्रोल पंप नाही आणि आमचा काटा अर्ध्याच्या खाली होता. वाळवंट म्हणजे ऊन, अशी माझी आयुष्यभराची समजूत. प्रत्यक्षात तिथे रात्री पांघरायला ढग नसतात, हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे जमिनीने दिवसभर जमवलेली ऊब सरळ आभाळात निघून जाते. कारण कळलं की थंडी कमी वाजेल असं वाटलं होतं. वाजली तेवढीच.

बाकीची सात माणसं बरोबर सातला आली. बायकोच्या ऑफिसातलीच सगळी. लीडरने आधीच फर्मान काढलं होतं की सुती काही घालायचं नाही, सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग तोच घाम तुम्हाला गारठवतो. कपडे थराथराने घालायचे, गरम झालं की काढायचे. शिवाय माणशी एक गॅलन पाणी, कारण वर थेंब मिळत नाही. एक गॅलन म्हणजे जवळजवळ चार किलो. मी गाडीतच सहाही थर चढवून बसलो होतो. सॅक लावल्यावर मला बाजूने बघणाऱ्याला पुढची बाजू कुठली ते सांगता आलं नसतं.

जाऊन-येऊन वाट साडेआठ मैलांची, चढ तीन हजार फुटांचा. त्यातला सगळ्यात वाईट चढ पहिल्या दीड मैलात. म्हणजे ओळख होण्याआधीच अपमान. वीस मिनिटांत मला उकडायला लागलं. थांबलो, हातमोजे काढले, सॅक उतरवली, विंडचीटर काढलं, स्वेटर काढला, सगळं सॅकमध्ये कोंबलं, सॅकची चेन लागेना म्हणून गुडघ्याने दाबली. मान वर केली तर मंडळी दोन वळणं पुढे. धावत गाठलं, तेवढ्यात वाट उत्तरेकडे वळली. तिकडे सावली, पाइनची झाडं आणि वाटेवर चक्क बर्फ. पुन्हा सगळं बाहेर काढून अंगावर. पुढच्या वळणावर ऊन. वस्त्रहरणातली दुःशासनाची आणि श्रीकृष्णाची, अशा दोन्ही भूमिका मी एकट्याने केल्या, आणि पाहायला सभेत कोणी नव्हतं, कारण सभा केव्हाच पुढे गेली होती.

सभा थांबायची, नाही असं नाही. पण मी धापा टाकत पोचलो की लीडर आनंदाने म्हणायचा, "चला, सगळे आले!" आणि निघायचा. त्या डोंगरावर नऊ माणसांनी मिळून भरपूर विश्रांती घेतली. माझ्या वाट्याची आठ जणांनी वाटून घेतली.

तहान लागली. पाण्याच्या पिशवीची नळी तोंडात धरून ओढतोय, ओढतोय, काही येईना. नळीतलं पाणी गोठलं होतं. घोट घेतल्यावर नळीत फुंकर मारून पाणी परत पिशवीत लोटायचं असतं, ही माहिती लीडरने तेव्हा दिली. तेव्हा म्हणजे नळी गोठल्यावर.

आणि मग शिखर आलं! मी दोन्ही हात वर केले, एका अनोळखी माणसाशी हस्तांदोलन केलं, बायकोकडून फोटो काढून घेतला. तो अनोळखी माणूस सभ्य होता. तो एवढंच म्हणाला की याला खोटं शिखर म्हणतात. खरं त्याच्या मागे उभं होतं, अजून मैलभर लांब.

त्या मैलाबद्दल फार बोलत नाही. मध्ये एक लाकडी पूल आहे. तिथे वारा असा आला की मी पूल ओलांडला की वाऱ्याने मला ओलांडवला, हे नक्की सांगता येणार नाही.

शिखरावर स्टीलचा पिरॅमिड आहे. जुन्या टपालगाडीच्या मार्गाला शंभर वर्षं झाली म्हणून १९५८ साली अमेरिकन एअरलाइन्सने तो उभारला. घोडागाडीचं स्मारक विमान कंपनीने उभारावं आणि ते पाहायला माणसाने पायी यावं! पश्चिमेला खाली पांढरंशुभ्र मैदान दिसत होतं. मला वाटलं बर्फ, पण ते मीठ होतं. एल कॅपिटनचा कडा, जो सकाळी मान मोडून पाहिला, तो आता पायाखाली. आणि हा सगळा डोंगर म्हणे सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला खडक, शंखशिंपल्यांसकट. एवढं चढून आम्ही पोचलो ते पाण्याखालीच. फक्त प्यायला पाणी नव्हतं.

फोटोसाठी फोन काढला. थंडीने त्याची बॅटरी मेलेली. बायकोचाही तोच प्रकार. बाकीचे आपापले फोटो काढून, "चला, सगळे आले!" म्हणत निघाले होते.

उतरताना गुडघ्यांनी असहकार पुकारला. गाडीपाशी पोचेपर्यंत अंधार पडला होता. तरीही व्हॅन हॉर्नमधली खानावळ आठला बंद होते, आपल्याला सात वाजतील, म्हणजे निवांत जेवू, असा हिशेब मी मोठ्याने मांडला. बायको काही बोलली नाही. खानावळीच्या दाराला कुलूप होतं. चार्जरवर जिवंत झालेला माझा फोन आठ वाजून पाच मिनिटं दाखवत होता.

खोलीत उरलेले बदाम खात आम्ही पलंगावर पडलो. जास्तीच्या तासाची वसुली एवढ्या कडक पद्धतीने होईल असं वाटलं नव्हतं. घरच्यांना पाठवायला मी फोटो शोधला. एकच होता. दोन्ही हात वर, मागे निळं आभाळ. आणि खांद्याच्या किंचित वर, अगदी स्पष्ट, खरं शिखर.

"खालून थोडा कापला तर?" मी विचारलं.

"वरून काप," बायको म्हणाली.