बर्फाची पिशवी म्हणजे केमोची थंड टोपी नव्हे

कोथरूडच्या आमच्या एका वहिनींची पहिली केमो येत्या सोमवारी आहे. त्यांना एकाच दिवसात तीन ग्रुपांवरून एकच मेसेज आला: सोसायटीच्या, भिशीच्या आणि माहेरच्या. त्यांनी लगेच फ्रीजरमध्ये पिशव्या भरून बर्फ जमवला आणि केमो देणाऱ्या डेकेअरला फोन करून "मशीनची टोपी नको" (म्हणजे केमो चालू असताना डोक्याची त्वचा मशीनने थंड ठेवणारी टोपी) असंही कळवून टाकलं. म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज असा आहे:

"केमोला जाताना घरचा बर्फ किंवा फ्रोझन मटारचं पाकीट न्या आणि अर्धा तास डोक्यावर बांधा. एकही केस गळत नाही. कुठल्याही कॅन्सरला चालतं, लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरलासुद्धा. हॉस्पिटलची मशीनची टोपी घेऊ नका, तिने कॅन्सर डोक्यात चढतो. आदल्या रात्री कांद्याचा रस आणि तेल चोळा. एकदा गेलेले केस परत येत नाहीत."

यातला एक धागा खरा आहे, तो आधी मान्य करायला हवा. थंडाव्याने केमोतले केस वाचू शकतात. केसांच्या मुळातल्या पेशी भराभर वाढतात, आणि भराभर वाढणाऱ्या पेशींवरच केमोची बरीचशी औषधं घाव घालतात. डोक्याची त्वचा थंड केली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मुळांपर्यंत औषध कमी पोचतं, आणि मुळांचं कामही मंदावल्यामुळे पोचलेल्या औषधाचा मार कमी बसतो. हे सिद्ध झालेलं आहे. आणि खूप जणींना ही सोय आहे हे पहिली केमो झाल्यावर कळतं, हीही खरी गोष्ट आहे. तेव्हा उशीर झालेला असतो, कारण टोपी पहिल्या डोसपासूनच लावावी लागते. एवढं सोडलं तर मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुणाचं तरी नुकसान करणारं आहे.

आता तो बर्फ. "अर्धा तास" हा आकडा कुठून आला असावा याचा अंदाज येतो. ५-एफयू नावाचं औषध झटकन शिरेतून देतात तेव्हा तोंड येऊ नये म्हणून अर्धा तास बर्फाचे तुकडे चघळायला सांगतात. ती पद्धत उत्तम आहे. ते औषध काही मिनिटांतच रक्तातून ओसरतं, म्हणून तिथे अर्धा तास पुरतो. केस घालवणारी औषधं तशी नाहीत. डॉसिटॅक्सेलचं सलाईन तासभर चालतं, पॅक्लिटॅक्सेलचं एक ते तीन तास. डॉक्सोरुबिसिन, ज्याला पेशंट "लाल केमो" म्हणतात, ते देऊन होतं लवकर, पण रक्तात रेंगाळतं. म्हणून थंड टोपीचा हिशोब तीन तुकड्यांत असतो. औषध सुरू व्हायच्या आधी साधारण ३० मिनिटं (केस दाट असले तर ४५), मग औषध चालू असेपर्यंतचा सगळा वेळ, आणि औषध संपल्यानंतर पुन्हा काही काळ. डॉसिटॅक्सेलनंतर २० मिनिटंही पुरतात, लाल औषधानंतर ९० मिनिटं किंवा त्याहून जास्त लागतात. लाल औषध आणि त्याच्या जोडीचं सायक्लोफॉस्फमाइड धरलं तर एका वेळेला तीन-साडेतीन तास सहज होतात. त्यातल्या कुठल्या तरी अर्ध्या तासात डोक्यावर मटार ठेवून मुळांचं रक्षण होत नाही.

आणि निव्वळ वेळच पाळायची नसते. त्वचेचं तापमान साधारण २२ अंशांच्या खाली न्यावं लागतं, तेही सगळ्या डोक्यावर सारखं, आणि शेवटपर्यंत तिथेच टिकवावं लागतं. बर्फाची पिशवी कवटीवर नीट बसतच नाही. पाणी होऊ लागलं की ती मानेकडे आणि कानामागे घसरते, आणि टाळूवर, जिथे विरळपणा सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो, तिथे फट राहते. केस स्वतः उष्णता अडवतात, म्हणजे कोरड्या दाट केसांवर ठेवलेली पिशवी त्वचेपर्यंत पुरेशी पोचतच नाही. मग माणसं काय करतात? टॉवेलने आवळून बांधतात. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. तो आवळून बांधला की दहा-पंधरा मिनिटांत त्वचा बधिर होते आणि बधिर त्वचेला आपण भाजतोय हे कळत नाही. थंडीने भाजणं हे खरोखरचं भाजणं असतं. लाल चट्टा, मग फोड, मग साल निघणं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या तळाला जाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत डोक्यावर उघडी जखम असते. तिथे जंतुसंसर्ग झाला, ताप आला, तर पुढचा डोस लांबतो. केस वाचवायला गेलेल्या बाईचे उपचारच रखडतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

परदेशात मशीनशिवायच्या गोठवलेल्या टोप्या वापरतात, मग घरी का नाही, असं विचारणारे असतात. त्या टोप्यांत जेल असतं. त्या ड्राय आइसवर किंवा खास फ्रीजरमध्ये उणे २५-३० अंशांपर्यंत गोठवतात आणि दर २० ते ३० मिनिटांनी बदलतात. म्हणजे एका बैठकीला अनेक टोप्या, बदलायला शिकलेला मदतनीस, घालण्याआधी प्रत्येक टोपीचं तापमान मोजणं, कपाळ आणि कान झाकणारी पट्टी. एवढं सांभाळूनही त्यात भाजण्याची जोखीम मशीनपेक्षा जास्त. ड्राय आइस स्वतः उणे ७८ अंशांचा असतो. तो उघड्या हाताने धरायचा नाही, हवाबंद डब्यात ठेवायचा नाही आणि काचा लावलेल्या गाडीतून न्यायचा नाही, कारण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड गाडीत कोंडतो. हे सगळं मटारच्या पाकिटाच्या ओळीत बसवणं बेजबाबदारपणाचं आहे.

ज्यांच्या केमोत ऑक्झॅलिप्लॅटिन आहे (आतड्याच्या कॅन्सरला ते बऱ्याचदा देतात) त्यांनी तर बर्फापासून लांबच राहायचं. त्या औषधानंतर थंड पाण्याचा घोटही घशात टोचतो आणि फ्रीजचं दार उघडलं तरी बोटांना झिणझिण्या येतात. शिवाय त्या औषधाने बहुतेकांचे केस थोडे विरळ होतात, टक्कल पडत नाही. म्हणजे त्रास पुरेपूर आणि उपयोग नाही.

पण मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य बर्फाचं नाहीच. "लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरलासुद्धा" हे शब्द ज्याने लिहिले त्याने थंड टोपी काय करते हे समजूनच घेतलेलं नाही. टोपी डोक्याच्या त्वचेपर्यंत पुरेसं औषध पोचू देत नाही, तिचं काम तेच. स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या गाठीत हे परवडतं, कारण रोगाचं मुख्य ठाणं दुसरीकडे असतं. ल्युकेमियात रोग रक्तातच असतो. रक्त जाईल तिथे त्या पेशी जातात, डोक्याच्या त्वचेतही. तिथे औषध अडवणं म्हणजे त्या पेशींना लपायला जागा देणं. लिम्फोमालाही (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरलाही) हेच लागू. म्हणून रक्ताच्या कॅन्सरमध्ये ही टोपी द्यायची नाही, हा ठरलेला नियम आहे. मुलांचा ल्युकेमिया आज मोठ्या प्रमाणावर पूर्ण बरा होतो, आणि तो बरा होतो तो औषध कुठेही न अडवता दिल्यामुळे. ज्या आईबापांपर्यंत हा मेसेज गेला असेल त्यांनी बर्फ बाजूला ठेवावा आणि एकदा झालं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

रक्ताचा कॅन्सर सोडूनही काहींना टोपी चालत नाही: डोक्याच्या त्वचेत गाठी असलेले, ज्यांच्या मेंदूला किरणोपचार द्यायचे आहेत ते, आणि ज्यांना थंडीने अंगावर पित्त उठतं किंवा थंडीत रक्त गोठण्याचे विकार आहेत ते. अर्धशिशी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

"एकही केस गळत नाही." हे वाक्य वाचून टोपी घेणारी बाई पंधराव्या दिवशी उशीवर केस बघते आणि टोपी सोडून देते. आकडे बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'जामा' या नियतकालिकात अमेरिकेतल्या सात केंद्रांवरची चाचणी छापून आली. स्तनाच्या कॅन्सरच्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या १४२ स्त्रियांचे निकाल त्यात तपासले. मशीनची टोपी घेतलेल्या ९५ पैकी ४८ जणींचे केस टिकले, टोपी न घेतलेल्या ४७ पैकी एकीचेही नाहीत. आणि "टिकले" याचा तिथला अर्थ: अर्ध्याहून कमी केस गेले आणि विग लागला नाही. म्हणजे निम्म्या जणींना यश, आणि त्या निम्म्यांतही बहुतेकींचे केस विरळ झालेच. टॅक्सेन गटाच्या औषधांवर (पॅक्लिटॅक्सेल, डॉसिटॅक्सेल) यश बरंच जास्त होतं, लाल औषधावर बरंच कमी. आपल्याकडच्या केसांना हे लागू होतं का, ही शंका रास्त आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ५१ रुग्णांवर अशीच चाचणी झाली, २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि तिथेही टोपी घेतलेल्यांत निम्म्याहून थोड्या जास्त जणींचे केस टिकले, न घेतलेल्यांत कुणाचे नाहीत. शून्याच्या तुलनेत निम्मं हे फार मोलाचं आहे. ते जसं आहे तसंच सांगावं.

"मशीनच्या टोपीने कॅन्सर डोक्यात चढतो." त्याच मेसेजात घरच्या बर्फाने चढत नाही आणि मशीनच्या थंडाव्याने चढतो! त्वचेला थंडी कुठून आली हे कळत नाही. खरी शंका एवढीच की औषध कमी पोचल्याने डोक्याच्या त्वचेत पुढे गाठ येईल का. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१७ मध्येच मांडला गेला: टोपी घेतलेल्या १,९५९ जणींत असं ०.६१ टक्के, न घेतलेल्या १,२३८ जणींत ०.४१ टक्के. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला आहे. मेंदूचा तर इथे प्रश्नच येत नाही, कवटीच्या आत हा थंडावा औषध अडवत नाही.

कांद्याचा रस: २००२ मध्ये त्यावर एक छोटा अभ्यास झाला होता, तो चाई पडण्यावर. तो वेगळा आजार आहे, केमोशी त्याचा संबंध नाही. तेल तर उलट नडतं, कारण टोपीखाली केस पाण्याने नीट ओले व्हावे लागतात आणि तेलकट केस ओले होत नाहीत.

केस परत येत नाहीत हे बहुतेकांच्या बाबतीत साफ खोटं आहे. शेवटच्या डोसनंतर काही आठवड्यांत लव दिसू लागते, आणि मग महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. डॉसिटॅक्सेलनंतर थोड्या जणींचे केस कायमचे विरळ राहतात, एवढा अंश त्यात खरा आहे. तो डॉक्टरांशी बोलण्याचा विषय आहे.

आता ज्यांना मशीनची टोपी घ्यायची आहे त्यांच्यासाठी. पुण्यात ती सगळ्या डेकेअरमध्ये नाही, आणि प्रत्येक वेळचा खर्च वेगळा लागतो. विम्यात बसतो का ते पहिल्या डोसआधी लेखी विचारा. त्याहून आधी विचारा की आपल्या औषधांनी केस जाणार आहेत का, कारण सगळ्याच केमोने जात नाहीत.

यश-अपयश बहुतांशी टोपी कशी बसली यावर ठरतं. केस कोमट पाण्याच्या फवाऱ्याने ओले करायचे, थोडा कंडिशनर लावायचा, भांग न पाडता सगळे मागे विंचरायचे. कपाळाच्या रेषेवर आणि कानांवर गॉज. टोपी टाळूला चिकटलेली हवी. वरून दाबल्यावर तिथे पोकळी लागली तर माप चुकलंय, नर्सला तिथल्या तिथे सांगा. फट राहिलेल्या जागी पुढे बरोबर त्याच आकाराचं टक्कल पडतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं डोकं ठणकतं, नंतर सवय होते. पॅरासिटॅमॉल चालेल का ते आधी विचारून ठेवा, शाल आणि गरम चहाचा थर्मास न्या. संपल्यावर टोपी लगेच ओढून काढायची नाही, केस तिला गोठून चिकटलेले असतात. पाच-दहा मिनिटं थांबायचं.

दोन-तीन आठवड्यांनी गळती वाढते. तेव्हाच टोपी सोडायची नाही, कारण राहिलेले केस वाचतात आणि नवेही लवकर येतात. केमोच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी न्हायचं नाही. एरवी आठवड्यातून दोनदा, कोमट पाणी, सौम्य शाम्पू, शिकेकाईने घासणं नाही. मेंदी, डाय, ड्रायर, घट्ट अंबाडा बंद. तुळशीबागेत मिळतो तसला रुंद दातांचा कंगवा, दिवसातून एकदा, टोकाकडून वर.

आणि केमोहून टू-व्हीलर चालवत घरी यायचं नाही. पॅक्लिटॅक्सेलआधी अ‍ॅलर्जीसाठी दिलेल्या इंजेक्शनने गुंगी येते. मागे बसूनही नको, कारण घट्ट गुंडाळलेला स्कार्फ आणि वरून हेल्मेट यांच्या घर्षणाने ओले, नाजूक झालेले केस तुटतात. रिक्षा करा आणि डोक्यावरून मऊ सुती ओढणी सैल घ्या.