इंडिकेटर बंद म्हणजे फ्लॅशर गेला, हे खरे नाही

जुन्या मोटारसायकली जपणाऱ्या नागपूरकरांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश सारखा फिरतो आहे. त्याचा आशय असा, की जुन्या गाडीचा इंडिकेटर लुकलुकत नसेल तर फ्लॅशर, म्हणजे दिवा लुकलुकवणारा छोटा भाग, गेला असे समजावे. तो काढून कोणताही इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावावा आणि चारही बल्ब एलईडी करावेत. एलईडी नको असतील तर जास्त वॅटचे बल्ब घालावेत. वायरिंगला हात लावण्याची मुळीच गरज नाही. हा सल्ला सोपा वाटतो म्हणून पुढे पाठवला जातो, पण त्यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही, आणि तो पाळल्यास चांगले भाग भंगारात जाऊन मूळ दोष मात्र गाडीतच राहतो.

पहिले विधान फ्लॅशरविषयीचे आहे. जुन्या गाड्यांतील दोन टोकांच्या साध्या फ्लॅशरमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. बल्बांकडे जाणारा प्रवाह तिला तापवतो, तापली की ती वाकून संपर्क तोडते आणि थंड झाली की पुन्हा जोडते. १२ व्होल्टच्या गाडीत १० वॅटचे दोन बल्ब साधारण १.७ अँपिअर प्रवाह घेतात, आणि पट्टी तेवढ्याच प्रवाहाच्या हिशेबाने बनवलेली असते. एक बल्ब उडाला, बॅटरी उतरली किंवा जोडणी गंजली की प्रवाह घटतो, पट्टी पुरेशी तापत नाही, आणि इंडिकेटर संथ होतो किंवा नुसता पेटून राहतो. फ्लॅशरचे संपर्क जळून तो खरोखर निकामी होतोही, परंतु ते ठरवण्याचा मार्ग अगदी सरळ आहे: फ्लॅशरची दोन्ही टोके वायरच्या एका तुकड्याने जोडावीत आणि स्विच एका बाजूला टाकावा. त्या बाजूचे दोन्ही बल्ब लख्ख पेटले तरच संशय फ्लॅशरवर घ्यावा. मंद पेटले किंवा पेटलेच नाहीत, तर दोष अन्यत्र आहे.

हे ‘अन्यत्र’ बहुतेक वेळा अर्थिंग, म्हणजे प्रवाह बॅटरीकडे परतण्याची वाट, असते, आणि म्हणूनच वायरिंगला हात लावू नका हे विधान मला सर्वांत घातक वाटते. अनेक जुन्या गाड्यांत इंडिकेटरला अर्थची स्वतंत्र वायर नसते. प्रवाह बल्बच्या होल्डरमधून इंडिकेटरच्या दांडीत, दांडीतून मडगार्डात आणि तिथून चेसिसमार्गे बॅटरीकडे परततो. या वाटेवर पावसाळ्यातला गंज बसतोच, शिवाय गाडी नव्याने रंगवली किंवा पावडर कोटिंग करून घेतली, की दांडीचा नट चक्क रंगाच्या थरावर आवळला जातो आणि रंगातून वीज वाहत नाही. ६ व्होल्टच्या गाडीत याचा फटका किती बसतो ते पाहा. १० वॅटच्या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतला रोध सुमारे ३.६ ओहम असतो. अर्थच्या वाटेत अवघा एक ओहम वाढला, तरी बल्बला मिळणारी शक्ती १० वॅटवरून साधारण ६ वॅटवर येते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना वर्धा रोडवरच्या भर उन्हात असा मिणमिणता दिवा मागच्या ट्रकचालकाला दिसणार नाही.

तपासणीसाठी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, त्याची एक तार बॅटरीच्या चेसिसला जोडलेल्या (बहुधा ऋण) टोकाला आणि दुसरी बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला लावावी, आणि बल्ब पेटलेला असताना आकडा वाचावा. तो शून्याच्या जवळ हवा; अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर अर्थिंग खराब आहे. अशा वेळी नट सोडून मडगार्डच्या आतल्या बाजूचा वॉशरखालचा रंग पॉलिश पेपरने चमकता धातू दिसेपर्यंत घासावा, दातेरी वॉशर घालून नट पुन्हा आवळावा आणि वरून थोडे व्हॅसलीन लावावे. दांडी रबरात बसवलेली असेल तर होल्डरपासून चेसिसपर्यंत वेगळी वायर ओढावी.

‘कोणताही इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर’ हेही चूकच. १२ व्होल्टचा फ्लॅशर ६ व्होल्टच्या जुन्या येझदीवर नीट चालत नाही. तीन टोकांच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला बहुधा स्वतःचा अर्थ लागतो. आणि ज्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असते, तिथे उलट्या जोडणीने तो जळू शकतो.

एलईडी वीज कमी खातात हे खरे आहे, पण ‘बल्ब काढा, एलईडी घाला’ इतक्यावर ते काम संपत नाही. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटच्या डूमवर इंडिकेटरचा एकच छोटा दिवा असतो आणि त्याची एक वायर डाव्या, तर दुसरी उजव्या बाजूला जोडलेली असते. डावी बाजू चालू केली की या दिव्यातून गेलेला थोडासा प्रवाह उजव्या बल्बांच्या तारांमधून अर्थला जातो. तेवढ्याने ते बल्ब पेटत नाहीत, एलईडी मात्र पेटतात. परिणामी चारही दिवे एकदम लुकलुकतात आणि गाडी कुठे वळणार हे कोणालाच कळत नाही. यावर उपाय असा, की त्या दोन्ही वायरींत एकेक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), त्यावरच्या पट्ट्याची बाजू दिव्याकडे ठेवून, घालावा, दोन्हींची टोके एकत्र करून दिव्याच्या एका टोकाला द्यावीत आणि दुसरे टोक अर्थला जोडावे. ऋण टोक चेसिसला असलेल्या गाडीत १एन४००७ हा स्वस्त डायोड या कामाला पुरतो.

राहिले जास्त वॅटचे बल्ब. ६ व्होल्टवर २१ वॅटचे दोन बल्ब ७ अँपिअर ओढतात. हँडलवरचा जुना स्विच आणि बारीक वायरी एवढ्यासाठी बनवलेल्या नसतात, आणि प्लास्टिकची काच तापून वाकते. अर्थिंग दुरुस्त करूनही प्रकाश कमी वाटला, तर बल्बमागचा रिफ्लेक्टर काळवंडला आहे का आणि काचेच्या आत धूळ साचली आहे का ते पाहावे, आणि मूळ बल्बवर छापलेल्या वॅटचाच नवा बल्ब पुढे-मागे सारखा बसवावा.