गाडी धावली तरच रेल्वे जपली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डोंगरातल्या जुन्या नॅरोगेज (कमी रुंदीच्या रुळांच्या) रेल्वेंवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तिला दोन ओळीत वाटेला लावणं बरोबर नाही, म्हणून हे जरा लांबलचक उत्तर. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: या रेल्वे खाणमालकांनी डोंगर ओरबाडायला बांधल्या, त्यांचं कौतुक कशाला, आज जे धावतंय त्यात बॉयलर नवा, डबे नवे, रूळ नवे, तेव्हा तो फक्त टुरिस्टांसाठी मांडलेला देखावा आहे, आणि जपायचंच असेल तर दोन इंजिनं म्युझियममधे ठेवा, रूळ उचला, त्या वाटेवर लोकांना चालू द्या, पैसेही वाचतील.

पहिल्या मुद्द्यावर माझं तुमच्याशी भांडणच नाहीये. वेल्समधली फेस्टिनिऑग रेल्वे १८३६ मधे सुरू झाली ती डोंगरातल्या खाणींची पाटीच्या दगडाची छपरावरची कौलं बंदरात पोचवायला, माणसांसाठी नाही. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप खाली यायच्या, घोडे त्याच गाडीत एका वेगळ्या वाघिणीत उभे राहून खाली यायचे आणि मग रिकाम्या वाघिणी वर ओढायचे. प्रवासी गाडी सुरू व्हायला १८६५ उजाडलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत तर कहाणी आणखी कडू आहे. १८७३ च्या करारात सान हुआन पर्वतांचा मोठा भाग यूट या तिथल्या मूळ रहिवाशांकडून काढून घेतला, १८८१ मधे पश्चिमेकडच्या बऱ्याच यूट लोकांना युटाकडे हाकललं आणि १८८२ च्या जुलैमधे तीन फुटी रूळ सिल्व्हरटन या खाणगावाला पोचले, चांदीसाठी. हे सगळं त्या गाडीत बसणाऱ्याला स्वच्छ शब्दात सांगितलं पाहिजे, जिथे सांगत नाहीत तिथे ते चूक करतात असंच माझं मत आहे. पण यातून रूळ उचला असं कसं निघतं ते मला कळत नाही, कारण खाण, गिरणी, वस्ती आणि बंदर यांना जोडणारा धागा तोच आहे, तो काढला तर डोंगरात काही भिंती आणि भोकं उरतील, पण कोणी कशासाठी काय नेलं ते तिथे उभं राहून समजणार नाही.

आता दुसरा मुद्दा, तो मला खरा महत्त्वाचा वाटतो. "सगळं बदललंय म्हणजे नकली."

वाफेवरची रेल्वे कधीच न बदलता चाललेली नाही हो. बॉयलरच्या नळ्या ठराविक वर्षांनी काढून नव्या टाकाव्याच लागतात, चाकांवरच्या लोखंडी धावा झिजतात, स्लीपर कुजतात, रूळ वळणावर एका बाजूने घासून जातात. १९०० साली सुद्धा तिथल्या जुन्या इंजिनांत बरेच भाग मूळचे नसायचे, आणि त्या काळी कोणी त्याला नकली म्हटलं नाही, त्याला देखभाल म्हणायचे. फेस्टिनिऑगच्या बॉस्टन लॉज वर्कशॉपने १८७९ मधे मर्डिन एमरिस नावाचं दुतोंडी फेअर्ली इंजिन बांधलं, आणि त्याच वर्कशॉपने त्याच घराण्यातलं डेव्हिड लॉइड जॉर्ज १९९२ मधे बांधलं. (दुतोंडी म्हणजे मधे भट्टी आणि दोन्हीकडे धुराडं, खाली दोन वळणाऱ्या बोगी, त्यामुळे ताकद दुप्पट आणि तरीही तीव्र वळणात बसतं. १८७० च्या सुमारास हे बघायला परदेशातून इंजिनिअर आले होते.) १९९२ चं इंजिन जुनं नाही हे उघड आहे. पण ते बांधण्याची हातोटी तिथे आहे, मी त्याला जपणं म्हणतो. आणि तुम्हाला मार्गच मूळचा हवा असेल तर तोही तिथे पूर्ण मूळचा नाही, कारण वीजप्रकल्पाच्या तलावात लाईनचा एक तुकडा बुडाला, तेव्हा मुख्यतः स्वयंसेवकांनी १९६५ पासून डोंगर खणून, रूळांचा चक्क एक गोल वळसा घालून, नवा बोगदा पाडून दुसरी वाट काढली आणि १९८२ मधे गाडी परत वरच्या टोकाला नेली. याला देखावा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्युझियमबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट जवळून दाखवतो. कोलोरॅडोत, न्यू मेक्सिकोच्या सीमेजवळ कंब्रेस खिंड आहे, उंची १०,०१५ फूट, चामा गावाच्या बाजूने चढ चार टक्के, म्हणजे शंभर फुटांना चार फूट. इंजिन धुराडं पुढे करून चढत असतं तेव्हा बॉयलरचं पुढचं टोक वर आणि भट्टीचं टोक खाली, साहजिकच पाणी मागे भट्टीवर गोळा होतं आणि ड्रायव्हरच्या केबिनमधल्या काचेच्या नळीत पाणी भरपूर दिसतं. आता खिंड ओलांडली, इंजिनाचं नाक खाली झालं की तेच पाणी पुढे पळतं आणि काचेतली पातळी बघता बघता उतरते. त्या क्षणी भट्टीच्या छतावर पाणी उरलं नाही तर खाली धगधगता जाळ, वर कोरडा पत्रा, पत्रा मऊ पडतो आणि बॉयलर फुटतो. म्हणून माथा यायच्या आधीच फायरमनला पाणी भरून ठेवावं लागतं, पण फार भरलं तर पाणी वाफेबरोबर सिलिंडरमधे जाणार, आणि थंड पाणी एकदम सोडलं तर ऐन चढावर वाफेचा दाब पडणार. किती, कुठल्या वळणावर, मागे किती डबे असताना, हे तिथे त्या इंजिनावर उभं राहून दुसऱ्या माणसाकडूनच शिकावं लागतं. उलट दिशेने जाताना माथ्यावर थांबून डब्यांच्या ब्रेकवरचे छोटे व्हॉल्व्ह हाताने वळवतात, रिटेनर म्हणतात त्यांना, म्हणजे उतारावर ब्रेकची हवा पुन्हा भरत असताना सुद्धा चाकं थोडी आवळलेली राहतात. दार्जिलिंगच्या इंजिनावर पुढे बफरच्या पट्टीवर बसून दोन माणसं ओल्या रुळावर हाताने वाळू टाकायची, तीही याच जातीची विद्या.

आता सांगा, यातलं काय म्युझियममधे ठेवणार? इंजिन ठेवाल, काच ठेवाल, व्हॉल्व्हही ठेवाल, पण ते केव्हा वळवायचे हे माहीत असलेला माणूस घरी जाईल आणि पुढच्याला शिकवायला गाडीच नसेल. म्युझियमला माझा विरोध नाही, काही वस्तू इतक्या नाजूक आणि एकुलत्या एक असतात की त्यांना छपराखालीच ठेवलं पाहिजे. पण वस्तू जपली म्हणजे रेल्वे जपली असं होत नाही, माझ्या मूळ लेखाचा रोख तोच होता.

आणि एकदा रूळ उचलले की परत येणं किती अवघड असतं याची उदाहरणं आहेत. इंग्लंडमधली लिंटन अँड बार्नस्टेपल ही रेल्वे १८९८ ला सुरू झाली, १९३५ ला बंद झाली, लगेच लिलाव झाला, इंजिनं भंगारात गेली, एक ब्राझीलला पाठवलं त्याचा पुढे पत्ताच लागला नाही. एक डबा एका छोट्या थांब्यावर तसाच उभा राहिला होता म्हणून वाचला, तो १९५९ मधे फेस्टिनिऑगने नेला. २००४ पासून वुडी बे इथे छोट्याशा तुकड्यावर गाडी परत धावते, पण त्यासाठी कित्येक वर्षं लोक जमिनीचा एकेक तुकडा गोळा करत होते आणि अजूनही करतायत. याच्या उलट वेल्समधली टॅलिलिन रेल्वे बघा, १९५१ मधे, लाईन अजून जागेवर होती, एक म्हातारं इंजिन धडपडत का होईना चालत होतं तेव्हाच स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली, जगात असं पहिल्यांदाच घडलं. कोलोरॅडोत १९२३ मधे के-२८ वर्गाची दहा इंजिनं आली, त्यातली सात १९४२ मधे अमेरिकन लष्कराने अलास्काच्या लाईनसाठी उचलली आणि युद्धानंतर भंगारात काढली, उरली तीन, ती तीनही ड्युरँगो ते सिल्व्हरटन धावणाऱ्या रेल्वेकडे आहेत. कंब्रेसची ६४ मैलांची लाईन दोन राज्य सरकारांनी मिळून १९७० मधे विकत घेतली म्हणून तिथे आज गाडी आहे, एकदोन वर्षं उशीर झाला असता तर नसती.

मला सगळ्यात भावतं ते पेनसिल्व्हेनियातल्या ईस्ट ब्रॉड टॉपचं. कोळशाची लाईन, १९५६ ला बंद पडली आणि भंगारवाल्याने विकत घेतली. निक कोवालचिक त्यांचं नाव, रूळ विकून मोकळं होणं हाच त्यांचा धंदा, पण त्यांनी ते केलं नाही, इंजिनं शेडमधे तशीच ठेवली आणि १९६० मधे काही मैलांवर गाडी सुरू केली. तिथलं वर्कशॉप मी कुठल्याही इंजिनापेक्षा मोलाचं मानतो: छताखाली लांबच लांब फिरता शाफ्ट, त्याच्यावरून खाली आलेले पट्टे, प्रत्येक पट्ट्याखाली एक लेथ नाहीतर ड्रिल, आणि हे सगळं फिरवायला एकच वाफेचं इंजिन. २०११ नंतर गाडी परत थांबली, २०२० मधे एका ना-नफा संस्थेने लाईन घेतली आणि २०२३ मधे १६ नंबरचं इंजिन, जे १९५६ पासून गप्प उभं होतं, ते वाफेवर चाललं. तुमच्या हिशोबाने १९५६ लाच दोन इंजिनं म्युझियमला देऊन बाकी वितळवायला हवं होतं.

पायवाटेचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. जिथे रूळ केव्हाच गेलेत, बोगदा ढासळलाय, तिथे वाट करा, जरूर करा. कोलोरॅडोतला अल्पाइन टनेल ११,५०० फुटांच्या वर होता, १९१० मधे बंद पडला, तिथे आता रेल्वे परत आणा म्हणणारा माणूस मला तरी शहाणा वाटणार नाही, त्या जुन्या मार्गावर चालत जाण्यात खरंच अर्थ आहे. पण रूळ जागेवर असताना ते उचलून वाट करणं हे दुसरं काम झालं, दोन्ही एकच समजू नका.

धूर आणि आगीचाही तुम्ही ओझरता उल्लेख केलाय. बरोबर आहे. २०१८ च्या ड्युरँगोजवळच्या वणव्यानंतर सरकारने रेल्वेवर दावा लावला, २०२२ मधे तडजोड झाली, दोन कोटी डॉलरची. त्या वणव्यानंतर तिथे कोळशाची इंजिनं तेलावर आणली. काही शौकीन यावर चिडले, मला ते अजिबात पटत नाही, सुक्या जंगलातून ठिणग्या उडवत जायचा हट्ट कशाला. इंजिन तेलावर पेटलं तरी चढ तोच, काच तीच, पाण्याचं गणित तेच.

राहिला पैसा. सगळ्या लाईनी वाचवा असं मी कुठेच म्हटलेलं नाही, आणि ज्यांना वाचवायचंय त्यांनीही पैसा चुकीच्या जागी घालू नये. इंजिनाला चकचकीत रंग देऊन फोटो काढायला देणगी पटकन मिळते, पण डोंगरातली लाईन बंद पडते ती पाण्याने. मोरी तुंबली की भराव खचतो, भराव खचला की एका पावसाळ्यात पन्नास फूट रूळ हवेत लटकतात. म्हणून मला विचाराल तर आधी मोऱ्या आणि चर साफ ठेवणारी गँग, मग वर्कशॉपचं छप्पर, मग दोन तरी तरुण पगारी शिकाऊ जे बॉयलरचं काम जुन्या माणसाच्या हाताखाली शिकतील, आणि यातून काही उरलं तर रंग.