वाघ खोटा, पणजोबा खरा

आज ऑफिसात डोकंच फिरलं. घरी येऊन चहासुद्धा घेतला नाही, थेट लिहायला बसलोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

नाताळ तोंडावर आलाय. आमच्याकडे अकाउंट्सला वसईच्या एक मॅडम आहेत, त्या दरवर्षी घरी तळलेले कुलकुल स्टीलच्या डब्यात भरून आणतात. आजही आणले. माझा एक दोस्त (तू हे वाचतोयस, मला माहीत आहे), कॉलेजपासूनचा, माझ्यासारखाच पक्का नास्तिक. त्याने मूठभर कुलकुल तोंडात कोंबले आणि भरल्या तोंडाने म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण तुमचा येशू झालाच नव्हता. एक पुरावा नाही. सगळी रचलेली कथा." मॅडम हसल्या. "असू दे हो, अजून घ्या," म्हणाल्या आणि डबा त्याच्या टेबलावर ठेवून जागेवर गेल्या.

खाता खाता बोललास याचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग त्या 'एक पुरावा नाही'चा. कुणी अंगारा पुढे केला तरी पुरावा मागणारी माणसं आपण. मग समोर असलेला पुरावा उघडून बघायचे कष्ट कुणी घ्यायचे?

आता माझ्या पणजोबांची गोष्ट. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी परत ऐका.

आमच्या घरात पणजोबा म्हणजे वाघ मारलेला माणूस. नुसत्या काठीने. मी लहान असताना एकच वाघ होता, धाकट्या चुलत्यांनी सांगायला घेतल्यापासून दोन झाले. फोटो नाही, जन्माचा दाखला नाही, उताऱ्यावर आजोबांपासून पुढची नावं. वारसनोंदीच्या भानगडीत २००९ साली वडील आणि मी तालुक्याला जुनी कागदपत्रं धुंडाळत बसलो होतो. मोडी वाचणारे एक गुरुजी बरोबर घेतले होते. तिसऱ्या दिवशी सन १९११ चा एक कागद निघाला. भिका नावाच्या माणसाने सरकारी रानातलं लाकूड विनापरवाना तोडलं, दंड तीन रुपये. जामीन: तुका, भिकाचा भाऊ. गावाचं नावही कारकुनाने चुकवलेलं. वडिलांनी ती ओळ गुरुजींकडून दोनदा वाचून घेतली. मग हळूच विचारलं, "वाघाचं काही आहे का?"

"नाही हो. फक्त लाकूड."

तर दोस्ता, पाण्यावर चालणं, मेलेल्याला उठवणं, हे सगळे वाघ. मी एकही वाघ मानत नाही, तूही मानू नकोस. पण लाकडाच्या दंडाचं काय करायचं?

तो रोमन इतिहासकार टॅसिटस. इ.स. ११६ च्या आसपास लिहितो की ६४ साली रोम जळलं तेव्हा सम्राट नीरोने खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं, आणि ज्याच्यावरून त्यांना हे नाव पडलं त्या ख्रिस्ताला सम्राट तिबेरियसच्या काळात रोमन सुभेदार पिलाताने मृत्युदंड दिला होता. हा माणूस ख्रिस्ती लोकांचा पुळका आलेला नव्हे, त्यांच्या धर्माला तो घातक अंधश्रद्धाच म्हणतो. पिलाताचा हुद्दासुद्धा त्याने चुकीचा लिहिलाय, आमच्या कारकुनासारखाच. हुद्दा चुकला हे कळलं कसं? १९६१ साली आताच्या इस्रायलमधल्या कैसरियात पिलाताच्या नावाचा, खऱ्या हुद्द्यासकट कोरलेला दगड सापडला, जुन्या नाट्यगृहाच्या पायरीत बसवलेला. दहा वर्षं यहूदिया प्रांताचा कारभार हाकणारा माणूस, त्याच्या नावाचा दगड पायरीखाली. आणि तू नासरेथच्या सुताराचा त्याच काळातला सरकारी कागद मागतोस!

पण माझ्यासाठी खरा ऐवज तो भाऊ आहे. तुका, भिकाचा भाऊ.

पौल नावाचा सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक इ.स. पन्नाशीच्या दशकात गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळींना, पत्र लिहितो. भांडणाच्या सुरात लिहितो, म्हणून मला ते जास्त खरं वाटतं. म्हणतो, मी यरुशलेमला गेलो, केफाकडे (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र) पंधरा दिवस राहिलो, दुसऱ्या कुणा प्रेषिताला भेटलो नाही, फक्त प्रभूचा भाऊ याकोब भेटला. पुढे जोसेफस हा यहुदी इतिहासकार ९३-९४ च्या सुमारास सांगतो की ६२ साली महायाजकाने याकोबाला दगडांनी मारवलं, आणि हा याकोब कोण, तर 'ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ'. जोसेफस यरुशलेमचाच, तेव्हा पंचविशीतला. कल्पनेतल्या माणसाचा भाऊ भेटत नाही रे. त्याला दगड तर मुळीच लागत नाहीत.

तू म्हणशील, भाऊ म्हणजे धर्मबंधू. मग त्याच वाक्यातला केफा धर्मबंधू नव्हता काय?

बरं, मान्य. जोसेफसचा दुसरा उतारा, येशूची तोंडभरून स्तुती करणारा, त्यात नंतरच्या ख्रिस्ती नकलाकारांनी हात मारलाय. आणि चारही शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली येशूची चरित्रं, भक्तांचीच, सगळ्यात जुनं मार्कचं, तेही ७० च्या आसपासचं. मान्य म्हटलं ना.

पण घरच्यांनीच सगळं रचलं असेल तर लाकूडचोरी कशाला घालतील? आमच्याकडे तीन पिढ्या कुणी दंडाचं बोललं नव्हतं, वाघ मात्र दर गणपतीत निघायचा. तारणारा रचायचा आणि त्याला गुलाम-बंडखोरांसारखं क्रुसावर मारायचं? पौल स्वतः कबूल करतो की हे ऐकून यहुदी अडखळतात आणि बाकीचे मूर्खपणा म्हणतात. तीच गत गावाची. भविष्यवाणीप्रमाणे जन्म बेथलेहेमला हवा, माणूस निघाला नासरेथचा. मग शुभवर्तमान लिहिणारा लूक त्याला तिथे न्यायला जनगणना आणतो. ती रोमन सुभेदार क्विरीनियची, इ.स. ६ ची. आणि दुसरा शुभवर्तमानकार मत्तय जन्म घालतो हेरोद राजाच्या काळात, जो इ.स.पू. ४ मध्येच वारला. किती ही ओढाताण! कोरी पाटी असती तर सरळ बेथलेहेमचा म्हणून मोकळे झाले असते. नासरेथ पुसता येत नव्हतं.

आणि हो, याच माझ्या दोस्ताने मागच्या वर्षी ग्रुपवर फॉरवर्ड टाकला होता की येशू क्रुसावरून वाचून काश्मीरला आला आणि श्रीनगरच्या खानयार भागातल्या रोजाबल दर्ग्यात त्याची कबर आहे. अरे, जो झालाच नाही तो खानयारमध्ये पुरला कुणी? एक काहीतरी ठरव! त्याच्याच आधी 'मिथ्रासुद्धा कुमारीच्या पोटी जन्मला' हा फॉरवर्ड. मिथ्रा म्हणजे रोमन काळात पुजला जाणारा एक देव. मिथ्राची शिल्पं बघ, तो खडकातून बाहेर येताना दाखवलाय. पंचवीस डिसेंबर तर बायबलात कुठेच नाही, त्यावरून काय सिद्ध करणार तू, नाताळची सुट्टी?

जरा जास्तच बोललो. खरं सांगायचं तर बाविसाव्या वर्षी मीही हेच बोलायचो, होस्टेलच्या मेसमध्ये, याच ठसक्यात, आणि तूच समोर बसून टाळी द्यायचास. तेव्हा वाघ खोटा ठरवला की माणूसही आपोआप खोटा ठरतो असं वाटायचं. वडिलांनी त्या दिवशी कागदाला बोट न लावता ओळीवरून नुसतं फिरवलं, तेव्हापासून माझ्याच्याने ते होत नाही. वाघ नव्हता याचं त्यांना वाईट वाटलं होतं, हे मला घरी येताना एस्टीत कळलं. भाऊ जामीन राहिला होता याचं मात्र त्यांनी आईला आल्या आल्या सांगितलं.

डबा अजून तुझ्या टेबलावरच आहे, संध्याकाळी निघताना पाहिला. उद्या तू परत करायचास, मी नाही. आणि रिकामा देऊ नकोस. वहिनींना सांग, घरात काय असेल ते घालून देतील.