त्या वर्षी मी सुखी होतो का?

वडिलांच्या आजारपणाचे शेवटचे वर्ष मी त्यांच्याजवळ राहून काढले. त्या काळात एका मित्राने फोनवर सहज विचारले, "आनंदात आहेस ना?" आणि मला पटकन उत्तर देता आले नाही. आनंदात तर मी नक्कीच नव्हतो. रात्री तीन-चार वेळा उठावे लागे, झोपेचे खोबरे झाले होते आणि त्याची चिडचिड कधी कधी त्यांच्यावरच निघत असे. पण आयुष्यातले एखादे वर्ष पुन्हा जगायला मिळणार असेल तर कोणते मागशील, असे आज कोणी विचारले, तर मी तेच वर्ष मागेन.

आपल्या भाषेत सुख आणि समाधान असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, तरी बोलताना आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. माझा गोंधळ बहुधा तिथेच होता. सुख त्या त्या क्षणी जाणवते. समाधान मात्र पुष्कळदा त्या क्षणी जाणवतच नाही, उलट तेव्हा त्याच्या जागी थकवा असतो.

हा केवळ माझ्या मनाचा खेळ नसावा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगांत विभागून लिहायला सांगितला होता, आणि प्रत्येक प्रसंगी मनाची अवस्था कशी होती हेही विचारले होते. त्यात मुलांना सांभाळण्यात गेलेल्या वेळेचा क्रमांक टीव्ही पाहण्याच्या आणि स्वयंपाक करण्याच्याही खाली लागला. यावरून मुले म्हणजे दुःखाचे कारण, असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्याला तापलेल्या मुलाच्या उशाशी रात्र काढलेल्या कोणत्याही आईसमोर उभे करावे. माझ्या मते ते मोजमाप चुकीचे नव्हते. त्याने क्षणाचे सुख मोजले, आणि मूल वाढवण्यात जे मिळते ते त्या मापात मावणारे नव्हते. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांच्या गटाने २०१३ साली ३९७ प्रौढांच्या उत्तरांतून हाच फरक दाखवला. सुखी वाटणे आणि आयुष्याला अर्थ आहे असे वाटणे या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी बरोबर चालतात, पण जिथे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात, तिथे अर्थपूर्ण आयुष्य जगणाऱ्यांच्या वाट्याला काळजी आणि ताण अधिक आलेला दिसतो, आणि इतरांसाठी काही करण्याकडे त्यांचा ओढाही अधिक असतो.

पैशाबद्दल थोडक्यातच लिहितो. पैशाने सुख मिळत नाही, हे वाक्य मी बहुतेक वेळा महिनाअखेरची चिंता नसलेल्या माणसांच्याच तोंडून ऐकले आहे. वाढत्या उत्पन्नाबरोबर बहुतेकांचे सुख वाढत जाते, असेच २०२३ साली कानेमान आणि सुखाचे अभ्यासक मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी एकत्र बसून केलेल्या विश्लेषणात दिसले. त्या वर्षी माझ्या हाताशी थोडी शिल्लक होती म्हणूनच मी काम कमी करून घरी थांबू शकलो, हे मी विसरत नाही.

लॉटरी लागलेली माणसे आणि अपघाताने अपंगत्व आलेली माणसे काही काळाने सारखीच सुखी होतात, असे सांगणाऱ्या पोस्ट आपल्याकडे वरचेवर फिरतात. त्यांचा उगम १९७८ सालच्या एका अभ्यासात आहे. त्यात लॉटरीचे विजेते २२ आणि अपघातग्रस्त २९ होते, म्हणजे एका वर्गात बसतील एवढीच माणसे. विजेते इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते आणि रोजच्या साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद उणावला होता, हे खरे. पण अपघातग्रस्त इतरांइतकेच सुखी होते, हे मात्र त्या अभ्यासात नाही. ते स्पष्टपणे कमी सुखी होते. दुःखाची सवय होते, असे परक्याच्या दुःखाबद्दल किती सहज बोलले जाते, याचे मला नवल वाटते.

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेला आणि ७२४ पुरुषांचा त्यांच्या म्हातारपणापर्यंत माग ठेवणारा अभ्यास मला त्यामानाने अधिक पटतो. सुरुवातीला त्यात स्त्रिया नव्हत्या, ही मोठीच उणीव. तरी पन्नाशीत आपल्या नात्यांबद्दल समाधानी असलेले पुरुष ऐंशीच्या घरात अधिक निरोगी आढळले, ही नोंद महत्त्वाची आहे. फक्त तिचा अर्थ गोतावळा मोठा असावा, असा लावला जातो तो मला मान्य नाही. त्या वर्षी माझे येणेजाणे जवळपास थांबले होते, मित्र दुरावले होते, आणि उरले होते ते एकच नाते, तेही आयुष्यभर फारसे न बोललेल्या दोन माणसांचे.

त्या नात्यात काय घडत होते ते सांगायचे, तर दर रविवारी सकाळी मी त्यांची नखे कापत असे. त्यांच्या बोटांची कातडी इतकी पातळ झाली होती की नेलकटर लावण्यापूर्वी मला श्वास रोखून धरावा लागे. अंगठ्याचे नख जाड आणि चिवट होते, ते कोमट पाण्यात भिजवल्याशिवाय कापले जात नसे. या कामाला वीस-पंचवीस मिनिटे लागत आणि तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात दुसरे काहीही येत नसे. पहिल्या काही रविवारी ते संकोचाने हात मागे घेत. त्यांच्यासारख्या माणसाला कोणाच्या हाती हात देणे किती जड गेले असेल, हे मला तेव्हा कळले नव्हते; मी फक्त वैतागत होतो.

पुढे पुढे मी पाण्याचे भांडे घेऊन आलो, की काही न बोलता ते स्वतःच हात पुढे करू लागले, आधी डावा.