खुलासा: पेनड्राइव्ह लावला की कोणत्याही टॅब्लेटवर लिनक्स?

परभणी-नांदेडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: जुना स्वस्त टॅब्लेट घ्या, लिनक्सचा (विंडोजसारखीच, पण मोफत मिळणारी प्रणाली) पेनड्राइव्ह लावा, झाला लॅपटॉप! यातलं अर्धंच खरं आहे.

अँड्रॉइडवाल्या टॅब्लेटला हे लागू नाही. त्यात बहुधा मोबाइलसारखा एआरएम जातीचा प्रोसेसर असतो अन् पेनड्राइव्हवरून सुरू व्हायची सोयच नसते. पोराला शाळेतून मिळालेल्या टॅबवर प्रयोग नकोच.

मेसेज लागू पडतो तो विंडोजसोबत आलेल्या, इंटेल ॲटम झेड३७३५एफसारख्या प्रोसेसरच्या टॅब्लेटला. तिथंही गोम आहे. प्रोसेसर ६४ बिटचा, पण यूईएफआय, म्हणजे टॅब सुरू करणारा मूळ प्रोग्राम, ३२ बिटचं. मग नेहमीच्या ६४ बिटच्या लिनक्सचा पेनड्राइव्ह कित्येकदा बूटच्या (कशावरून सुरू व्हायचं त्या) यादीत दिसत नाही. लातूरला भाच्याच्या टॅबपायी मी दोन पेनड्राइव्ह खराब समजून बाजूला टाकले होते. दोन्ही ठणठणीत निघाले. पेनड्राइव्हच्या ‘ईएफआय’मधल्या ‘बूट’ फोल्डरात ‘बूटआयए३२’ ही ३२ बिटच्या यूईएफआयसाठीची फाइल लागते. डेबियन या लिनक्सच्या मल्टी-आर्च (३२ व ६४ बिट दोन्हींच्या) इमेजमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवर उतरवायच्या फाइलीत, ही सोय २०१५ च्या आठव्या आवृत्तीत आली. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी यूईएफआयमधली सोय) अडवत असेल तर तेही बंद करा.

बऱ्याच टॅबला पोर्ट एकच. त्याला पेनड्राइव्ह जोडता येणारी ओटीजी केबल, केबलला एकाचे अनेक पोर्ट करणारा हब, हबला पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड. चार्जरला जागा उरत नाही. म्हणून बॅटरी आधी फुल करा. रॅम जेमतेम २ जीबी, तेव्हा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप घ्या. आणि विंडोज पुसायची घाई नको. आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालवून वायफाय, टच, आवाज तपासा.